नोटबुकातील 'आर' : एक आक्षेप

ऑकलंड विद्यापीठातील रॉस इहाका व रॉबर्ट जेंटलमन यांनी निर्माण केलेली 'आर' ही संख्याशास्त्रीय भाषा आज भाषाविज्ञानाच्या अभ्यासकांच्याही नित्य परिचयाची झाली आहे. २०१४ साली आरंभ झालेल्या 'ज्युपिटर' प्रकल्पाच्या नावात ज्युलिया व पायथन यांच्या जोडीने 'आर'लाही स्थान मिळाले. तथापि त्या घरात ती पाहुणीच होय. नोटबुकास स्वतः 'आर' येत नाही. 'आयआरकर्नेल' हा दुवा वेगळा बसवावा लागतो. नोटबुक आज्ञा पाठविते, कर्नेल ती पार पाडून उत्तर परत करते. या विभागणीमुळेच एका चौकटीत अनेक भाषा नांदू शकतात, हे मान्य केले पाहिजे.

आमचा आक्षेप निराळा आहे. विवेचन, आज्ञा आणि फलित एकाच पृष्ठावर दिसले, की वाचकास ते पृष्ठ स्वयंपूर्ण वाटू लागते. वस्तुतः ते तसे नसते.

एक उदाहरण घेऊ. 'ळ' व 'श' या वर्णांनुसार गटवार केलेली मापने आपल्याजवळ आहेत. गटांचा क्रम आपण सांगितला नाही, तर 'आर' ती नावे संगणकाच्या भाषाविषयक मांडणीनुसार लावते आणि पहिल्या गटास तुलनेचा आधार मानते. मराठी वर्णमालेत 'ळ' हा 'ह'नंतर येतो. म्हणून त्या क्रमाने 'श' आधार ठरेल. युनिकोडमध्ये मात्र 'ळ'चे स्थान 'ल'च्या लगेच पुढे, म्हणजे 'श'च्या आधी आहे. ज्या यंत्रावर केवळ संकेतांकांचा क्रम पाळला जातो, तेथे 'ळ' आधार होतो आणि फरकाचे चिन्ह उलटते. सामग्री तीच, आज्ञाही त्याच. पण एका पृष्ठावर धन आणि दुसऱ्यावर ऋण! प्रबंधाच्या निष्कर्षात हे चिन्ह उतरल्यावर कोणाची चूक म्हणायची? नोटबुकात या मांडणीचा मागमूसही नसतो. तो 'सेशनइन्फो' ही आज्ञा दिल्यासच दिसतो.

दुसरी अडचण अधिक सर्वज्ञात आहे. कोष्ठे कोणत्याही क्रमाने चालविता येतात. खोडलेल्या कोष्ठातील चलही कर्नेलच्या स्मृतीत जिवंत राहते. डोनाल्ड कनूथ यांनी १९८४ साली मांडलेल्या साक्षर आज्ञालेखनाच्या कल्पनेशी नोटबुकाचे नाते जोडण्याची प्रथा आहे. परंतु कनूथ यांनी विवेचनाचा क्रम मुक्त ठेवला, आज्ञांचा नव्हे. यंत्रास त्या योग्य क्रमानेच मिळत. 'निटर'ने सिद्ध केलेला दस्तऐवज प्रत्येक वेळी आरंभापासून अंतापर्यंत चालतो, म्हणून या बाबतीत तो आम्हांस अधिक विश्वासार्ह वाटतो. चाचपणीच्या टप्प्यावर नोटबुकाची सोय कोणी नाकारणार नाही. आम्हीही ते वापरतो.

परीक्षणासाठी येणाऱ्या नोटबुकांत मात्र गटांचा क्रम स्पष्ट लिहिलेला असावा, अखेरच्या कोष्ठात 'सेशनइन्फो' असावे, आणि कर्नेल नव्याने सुरू करून सर्व कोष्ठे ओळीने चालविल्यावरच ती सादर व्हावीत.