व्हॅलिडेशन पास झालं म्हणजे नेमकं काय झालं?

परवा लॅबमधल्या एका ज्युनिअरनं विचारलं, "ताई, माझा व्हीएनएफ ओनॅपवर चढला. चॅप्टर लिहायला घेऊ ना?" मी म्हटलं, थांब जरा.

ओनॅप २०१७ मध्ये लिनक्स फाउंडेशनच्या छताखाली उभा राहिला, एटी अँड टीचा ईकॉम्प आणि ओपन-ओ एकत्र करून. पूर्वी खोकं विकत घेऊन बसवायचा तो फायरवॉल इथं व्हर्च्युअल मशीनवर सॉफ्टवेअर म्हणून चालतो, तोच व्हीएनएफ. तो द्यायचा तर हीट टेम्प्लेट्सची झिप किंवा टोस्काचं सीएसएआर पॅकेज एसडीसीत चढवायचं.

हीटच्या वाटेनं गेलात तर व्हीव्हीपीच्या स्क्रिप्ट्स आधी टेम्प्लेट तपासतात. पॅरामीटरची नावं नियमाप्रमाणे आहेत का, एन्व्हायर्नमेंट फाइल जोडीला आहे का वगैरे. हे हवंच, नाहीतर प्रत्येक व्हेंडर आपापली नावं ठेवत बसेल. पण या स्क्रिप्ट्स मजकूर वाचतात, फंक्शन चालवून बघत नाहीत. पॅकेट मुळीच न अडवणारा फायरवॉलही यातून सुखरूप पास होतो!

मग सगळे बोट दाखवतात व्हीफायरवॉल डेमोकडे. त्यात तीन मशीन्स: पॅकेट जनरेटर, फायरवॉल, सिंक. ट्रॅफिक दहा सेकंदांत ७०० पॅकेट्सच्या वर किंवा ३०० च्या खाली गेलं की क्लोज्ड लूप जागा होतो आणि ते ५०० च्या आसपास आणतो. ग्राफ सुंदर दिसतो. मीही पहिल्यांदा भारावले होते.

पण लूप बदलतो काय? फायरवॉलचे नियम नाही. तो जनरेटरलाच सांगतो, स्ट्रीम्स पाच कर. म्हणजे चोराला फोन करून "जरा हळू" सांगायचं, आणि चोर ऐकतो, कारण तो आपलाच माणूस! संदेश सगळ्या घटकांतून नीट फिरतो हे दाखवायला डेमो उत्तम आहे. बाहेरून येणारा लोंढा फायरवॉल आवरू शकतो का, याबद्दल मात्र तो काहीच सांगत नाही. ज्युनिअरच्या ड्राफ्टमधलं पहिलंच वाक्य नेमका तोच दावा करत होतं.

ते वाक्य आम्ही खोडलं. आता जनरेटर लूपच्या हाताबाहेर ठेवायचा, कृती फायरवॉलवर करायची आणि किती वैध पॅकेट्स सोबत मेले तेही मोजायचं असं ठरलंय. चॅप्टर लांबला, तो वैतागलाय.