पत्रिका न जुळलेली जोडी

सिगारबरोबर काळी बिअर कशी जमते, यावर रसिक मंडळी तासन्‌तास बोलतात. भाजलेल्या जवाचा कडवटपणा आणि तंबाखूचा धूर म्हणे एकमेकांना सांभाळून घेतात. म्हणजे छत्तीस गुण जुळले!

चंद्रपूर-गडचिरोलीकडचं जोडपं म्हणजे मोहाची आणि विडी. हे स्थळ उजळ माथ्याने पाहायला जायची सोय नाही; गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ ला आली आणि सहा वर्षं नांदून २०२१ मध्ये माहेरी परतली.

तरी समीक्षकाने मत द्यावंच. चवीला ही जोडी बेताचीच. मोहाचं सारं वैभव फुलाच्या गोडसर वासात, आणि विडीचा पहिलाच झुरका तो वास पळवून लावतो. तेंदूचं पान बिचारं वेष्टणापुरतं. वळताना फाटत नाही, एवढाच त्याचा गुण. आतला तंबाखू तर बहुधा निपाणीचा नाहीतर गुजरातचा पाहुणा.

गुण जुळतात ते पेल्याबाहेर. मार्च-एप्रिलात भल्या पहाटे मोहफुलं वेचणारे हातच मे महिन्यात तेंदूची पानं तोडतात आणि ७०-७० पानांचे पुडे बांधतात. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात पानं तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाने मारल्या.

सिगारवाले धुरात कॉफी शोधतात, कोको शोधतात, कातडंसुद्धा शोधतात. शोधोत बापडे. विडीच्या पानाचा भाव ठरवताना मात्र त्या रानातला वाघ कुणीच हिशेबात धरत नाही.