कॅट्झचा टी-शर्ट कुणी चोरला?

'पंपिंग आयर्न' पूर्ण पाहिला नसला, तरी त्याचा एक तुकडा तुमच्या फोनवर कधी ना कधी येऊन गेला असणार. अर्नोल्ड श्वार्झनेगर गालात हसत सांगतो की व्यायाम करताना स्नायूंत रक्त भरून ते टरारून फुगतात, तेव्हाचं सुख थेट सेक्ससारखं असतं. मीही त्या तुकड्याचं बोट धरूनच सिनेमापर्यंत पोचलो. पण सिनेमा संपल्यावर डोक्यात राहिला तो अर्नोल्ड नाही. राहिला माइक कॅट्झ नावाचा एक हरलेला शिक्षक.

जॉर्ज बटलर आणि रॉबर्ट फिओरे यांची ही डॉक्युमेंटरी १९७७ साली आली. त्यात १९७५ साली दक्षिण आफ्रिकेत, प्रिटोरियाला झालेल्या दोन स्पर्धा आहेत: हौशी शरीरसौष्ठवपटूंची मिस्टर युनिव्हर्स आणि व्यावसायिकांची मिस्टर ऑलिम्पिया. दुसरीत अर्नोल्ड आहे. कॅट्झ पहिलीत. लहानपणी पोरांनी छळलेला, त्यातून ईर्ष्येने शरीर कमावलेला, बायकोमुलांत रमणारा माणूस. बोलताना डोळे लपवत नाही, त्यामुळे तो जिंकावा असं आपल्याला पाच मिनिटांतच वाटू लागतं.

मग केन वॉलर दिसतो. मोकळ्या हवेत मित्रांबरोबर फुटबॉल फेकत तो कॅट्झचा टी-शर्ट लपवायचा बेत सांगतो. पुढे प्रिटोरियात, ऐन स्पर्धेच्या वेळी कॅट्झ आपला टी-शर्ट शोधताना दिसतो. वॉलर जिंकतो. कॅट्झ चौथा येतो. आपण मनातल्या मनात वॉलरला शिव्या घालतो.

गंमत अशी की फुटबॉलचा तो प्रसंग स्पर्धा झाल्यानंतर चित्रित केलेला आहे. टी-शर्ट आधी हरवला, 'कट' नंतर शिजला. माझं रोजचं काम सॉफ्टवेअरचं. रात्री सिस्टीम कोसळली की आम्ही लॉग उघडतो आणि आधी वेळ बघतो: काय अगोदर झालं, काय नंतर. दोन ओळींची अदलाबदल केली तर खोटी एकही ओळ न लिहिता भलत्याच माणसाला दोषी ठरवता येतं. एडिटिंग टेबलवर इथे नेमकं तेच झालंय, फक्त एक ओळ नव्याने लिहूनही घेतलीय. वॉलर त्या नाटकात स्वतः सामील होता, हे खरं. पण हा सिनेमा पाहणाऱ्यांसाठी तो कायमचा टी-शर्टचोर झाला.

यावर तयार उत्तर असतं: या सिनेमात खोटं कोण बोलत नाही? अर्नोल्ड तर उघडच थापा मारतो. स्पर्धा तोंडावर आली होती म्हणून मी वडिलांच्या अंत्यसंस्काराला गेलो नाही, असं तो कॅमेऱ्यासमोर थंडपणे सांगतो. ती गोष्ट दुसऱ्याच एका बॉडीबिल्डरची होती, आपण ती आपल्या नावावर खपवली, असं त्यानेच नंतर सांगितलं. जिवलग मित्र फ्रँको कोलंबूला ऐन वेळी चुकीचा सल्ला देणं मला सोपं आहे, हेही तो हसतच सांगतो. पण ही थाप त्याची स्वतःची आहे. तिचा फायदा त्याला, तिचा डाग त्याला. तेव्हा तो २८ वर्षांचा होता, म्हणजे जवळपास माझ्याच वयाचा, आणि कॅमेरा हेसुद्धा एक वजनच आहे, कसं उचलायचं ते शिकता येतं, हे त्याला पुरतं कळलेलं होतं.

लू फेरिग्नोच्या बाबतीतही सिनेमा बाजू घेतो, पण वेगळ्या रीतीने. अर्नोल्डचा व्यायाम व्हेनिस बीचच्या उन्हात, गोल्ड्स जिममध्ये, चेष्टामस्करी करत. लूचा ब्रुकलिनच्या अंधाऱ्या जिममध्ये, डोक्यावर वडील उभे. लहानपणीच ऐकू येणं खूप कमी झालेला हा साडेसहा फुटांच्या घरातला पोरगा. स्पर्धेच्या दिवशी न्याहारीला अर्नोल्ड येऊन बसतो आणि आपण जिंकल्याचं आईला फोनवर कळवूनही टाकलंय, असं त्याला ऐकवतो. लू कसनुसा हसतो. तो तिथेच हरलेला असतो. ही मांडणी मला मान्य आहे, कारण प्रकाश निवडणं आणि घटना रचणं यांत फरक आहे. टेबलावरचं ते हसू कुणी नंतर चिकटवलेलं नाही.

पडद्यावर न आलेल्या गोष्टीही आहेत. स्टेरॉइड हा शब्द येत नाही. १९७५ चं प्रिटोरिया म्हणजे वर्णभेदी राजवटीची राजधानी, आणि मंचावर ग्वादेलूपचा कृष्णवर्णीय सर्ज न्युब्रे उभा आहे. त्यावर चकार शब्द नाही. बटलरचे पैसे मध्येच संपले होते. १९७६ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये अर्नोल्ड, फ्रँक झेन आणि एड कॉर्नी यांना फिरत्या चौथऱ्यावर जिवंत शिल्पांसारखं उभं केलं, लोकांची झुंबड उडाली आणि सिनेमाला हात मिळाला. विकावं लागणाऱ्याला नायक आणि खलनायक लागतात, हे मी समजू शकतो.

तरी टी-शर्टचं मला खुपतंच, आणि ते वॉलरपेक्षा कॅट्झसाठी जास्त. त्याला हरवलं कशाने? परीक्षकांना त्या दिवशी आणखी तीन शरीरं त्याच्यापेक्षा सरस वाटली, एवढ्यानेच. वर्षानुवर्षं नेमाने घाम गाळणारा भला माणूस, कुणीही दगा न देता, नुसता चौथा येतो. शरीरसौष्ठवात याच्याइतकी अवघड गोष्ट दुसरी नाही. धावपटूकडे निदान घड्याळ असतं. इथे तुम्ही स्वतःच निकाल असता. अंगावरचा प्रत्येक स्नायू दाखवून झाल्यावर कुणीतरी सांगतं की हे पुरेसं नाही. बटलरच्या हाती हे आयतं आलं होतं, आणि त्याने त्यावर एक चोरी पांघरली. कॅट्झचं हरणं त्यामुळे सुसह्य झालं, पण त्याला नव्हे, आपल्याला.

सिनेमाच्या शेवटाकडे आणखी एक टी-शर्ट आहे. अर्नोल्ड पार्टीत गांजा ओढतोय, आणि त्याच्या छातीवर लिहिलंय की अर्नोल्ड नंबर एक. हा दुसरा टी-शर्ट सगळ्यांच्या लक्षात राहतो. मी मात्र मागे जाऊन पुन्हा कॅट्झचा निकाल लावतो, फुटबॉलचा तुकडा वगळून. चौथा क्रमांक जाहीर होतो. एवढा मोठा देह, त्याचं आता काय करायचं हे न कळून, तो हसायचा प्रयत्न करतो.