समानार्थी शब्द : एक तक्रार

दिवाळी अंकांत कादंबऱ्यांची परीक्षणे येतात, नाटकांची येतात. एखाद्या कवितेवरून दोन विद्वानांची जुंपलेलीही वाचायला मिळते. पण ज्या वाङ्मयाची पारायणे आपल्या घरांतून वर्षभर चालू असतात, त्याच्यावर टीका लिहिण्याचे कोणाच्या मनात येत नाही. हे वाङ्मय म्हणजे प्राथमिक शाळेतल्या मुलांची समानार्थी शब्दांची यादी. चाचणी जवळ आली की आई चुलीपाशी बसून विचारते, "पाणी?" आणि आतल्या खोलीतून उत्तर येते, "जल, नीर, उदक, तोय, सलिल!" मूल पुण्याच्या परीक्षा परिषदेच्या शिष्यवृत्ती परीक्षेला बसणार असले, तर ही माळ आणखी लांबते.

मी चंद्रपूर-गडचिरोलीकडचा मास्तर आणि फावल्या वेळचा कादंबरीकार. दोन्ही धंद्यांचे भांडवल शब्द हेच. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, तेव्हा भाषाशास्त्राचा आव आणत नाही. या यादीचा एक जुना वाचक म्हणून चार गोष्टी सांगतो.

प्रथम तिचे गुण. नीर, गगन, भानू हे शब्द कानांवरून गेलेच नसतील, तर मूल कवितेच्या पहिल्या ओळीलाच अडखळेल. लहानपणी पाठ झालेले म्हातारपणापर्यंत पुरते, हेही खरे. पूर्वी अमरकोश मुखोद्गत करून घेत तो याच विश्वासाने. माझे भांडण पाठांतराशी नाही. दोन शब्दांच्या मध्ये आपण जी बरोबरीची खूण ओढतो, तिच्याशी आहे.

आज तुमच्या घरात किती दिवे आहेत ते पाहा. देवघरात समई आहे, ओवाळायच्या तबकात तुपाचे निरांजन आहे, उंबऱ्यावर पणत्या आहेत, दारात आकाशकंदील आहे. यांपैकी एकाची जागा दुसऱ्याला देऊन पाहा, म्हणजे घरातली वडील माणसे काय म्हणतात ते ऐकायला मिळेल! यादी मात्र म्हणते, दिवा म्हणजे दीप, दीपक, आणि संपते. जो शब्द कोणी बोलत नाही तो तिला ठाऊक. जे शब्द घरात उजेड देतात त्यांचा तिला पत्ता नाही.

आमच्या झाडीपट्टीत ही अडचण अधिकच बोचते. यादीत तलाव म्हणजे सरोवर, तडाग, कासार. आमच्याकडे मालगुजारांच्या काळापासूनचे गावतलाव आहेत आणि शेतकऱ्यांच्या लहान बोड्या आहेत. तलाव गावाचा, बोडी दोन-चार बांध्यांच्या धानापुरती. हा भेद पोरांना पाठ करावा लागत नाही, पण चाचणीत त्याला गुणही नाही. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या अभ्यासकांनी झाडीबोलीवर वर्षानुवर्षे काम केले. त्यांच्या कष्टांचा एखादा शब्दही या यादीपर्यंत पोचू नये, याचे नवल वाटते. भामरागडकडच्या माडिया मुलाची गोष्ट तर निराळीच. त्याचा आईकडून आलेला शब्द 'एर'. त्याच्या लेखी 'पाणी' हाच समानार्थी शब्द, आणि 'जल' तिसरा. तीन शब्द जाणणाऱ्या मुलाला आपण एकच येतो म्हणून मागे बसवतो. हा कुठला न्याय?

कोणी म्हणेल, संस्कृत शब्दांवर मास्तरांचा राग दिसतो. तसे मुळीच नाही. अमरसिंहाचा वनौषधिवर्ग उघडा. मोहाच्या झाडाची तिथे पाच नावे आहेत: मधूक, गुडपुष्प, मधुद्रुम, वानप्रस्थ, मधुष्ठील. मी पाहिलेल्या शालेय याद्यांत मोह नाही. ज्या पोराने उन्हाळ्याच्या तोंडी पहाटे उठून मोहफुले वेचली आहेत, त्याला 'गुडपुष्प' शब्दाचा अर्थ सांगावा लागेल काय? गुळासारखे गोड फूल त्याच्या जिभेला ठाऊक आहे.

आता बांबू घ्या. यादीत बांबू म्हणजे वेळू, कळक. अमरकोशात त्याला दहा नावे आहेत, आणि त्यांतली कित्येक नावे वस्तूकडे वेगळ्या बाजूने पाहतात. त्वक्सार म्हणजे ज्याचे बळ सालीत आहे तो. सूप-टोपल्या विणणाऱ्या बुरडाला हे पटेल. शतपर्वा म्हणजे शंभर पेरांचा. आणि तृणध्वज, म्हणजे गवतांमध्ये झेंड्यासारखा उंच. बांबू हे गवत आहे, असे त्या कोशकाराने एका नावात सांगून ठेवले.

ही शब्दांची कसरत वाटत असेल, तर पुढचे ऐका. 1927 च्या वन कायद्याने बांबूला झाडांत बसवले. झाड म्हटले की ते इमारती लाकडाच्या पंगतीत गेले, आणि तोडीवर नि वाहतुकीवर सरकारचा पहारा आला. 2006 च्या वनहक्क कायद्याने त्याला गौण वनोपज म्हटले. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 साली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू विकण्यासाठी वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती यायला 2011 उजाडले. वनक्षेत्राबाहेरचा बांबू वन कायद्यातल्या झाडांच्या व्याख्येतून निघाला तो 2017 मध्ये. झाड की गवत, या एका नामाच्या निवडीवर गावाची मजुरी नव्वद वर्षे टांगलेली होती. शब्द एकमेकांच्या जागी हवे तसे चालतात, असे अजून कोणाला म्हणावयाचे आहे काय?

म्हणून माझी मागणी साधी आहे. यादी असू द्या, पण प्रश्न बदला. 'दिवा' या शब्दाचा समानार्थी शब्द ओळखा, असे विचारण्याऐवजी 'आईने ... ओवाळले' अशी रिकामी जागा द्या आणि समई, पणती, निरांजन, कंदील यांतून निवडायला सांगा. 'उदक सोडले' का म्हणतात आणि 'सलिल सोडले' का म्हणत नाहीत, ते वर्गात बोलू द्या. प्रत्येक शब्दासमोर एक ओळ कोरी ठेवा. तीत मुलाने आपल्या घरचा शब्द लिहावा, मग तो झाडीचा असो, गोंडीचा असो की तेलुगूचा. मास्तरलाही काही शिकायला मिळेल.

तोवर या सुट्टीत, फराळाचे ताट पुढे असताना, घरातल्या लहानग्याला पणती आणि समई यांत फरक काय, एवढे विचारून पाहा. तो जे उत्तर देईल ते कुठल्याही यादीत सापडणार नाही, आणि तेच त्याचे स्वतःचे मराठी असेल.