मुक्काम, बिऱ्हाड, घर : स्थलांतरिताच्या खोलीचा प्रश्न

मराठी समीक्षेत महानगरीय साहित्याची चर्चा साठच्या दशकापासून होत आली आहे. परात्मता, एकाकीपण, यांत्रिकता, गर्दीत हरवलेली व्यक्ती या संकल्पनांच्या आधारे ही चर्चा प्रामुख्याने उभी राहिली. या साऱ्या संकल्पना महानगराकडे एक मनोवस्था म्हणून पाहतात. ज्याचे संवेदन तपासायचे तो माणूस शहरात आधीपासूनच आहे, त्याच्या डोक्यावर छप्पर आहे, हे त्यांचे अनुच्चारित गृहीतक असते. वास्तविक, बाहेरून येणाऱ्या माणसाच्या लेखी शहर ही प्रथम मनोवस्था नसतेच. तेथे पोहोचल्यावर रात्री पाठ कुठे टेकायची, हा त्याच्यापुढचा पहिला प्रश्न असतो. हा प्रश्न मराठी साहित्याने वारंवार आणि गांभीर्याने हाताळला आहे. समीक्षेने मात्र त्याला तपशिलापलीकडे किंमत दिलेली नाही.

या प्रश्नाची खूण भाषेतच सापडते. ‘मुक्काम’ या शब्दाचा अर्थ प्रवासातील तात्पुरता थांबा. तरीही पत्रावर ‘मु. पो.’ लिहून त्यापुढे येते ते कायम वास्तव्याचे गाव. मुंबईत पिढी घालवलेला चाकरमानी ‘घरी जातो’ तो गणपतीला किंवा शिमग्याला, कोकणात; कामावरून सुटल्यावर तो जातो ‘खोलीवर’. गिरणगावात एकाच गावच्या पुरुषांनी मिळून घेतलेल्या खोल्यांत पाळीनुसार पथाऱ्या पसरल्या जात. कुटुंब आणले की मग ‘बिऱ्हाड’ होई. आणि बिऱ्हाड मांडले की ते हलवावे लागण्याची शक्यता त्या शब्दातच गृहीत असते. घर, बिऱ्हाड आणि खोली या तीन शब्दांतील अंतर ज्या भाषेने इतके नेमके सांभाळले, त्या भाषेतील साहित्याचा विचार केवळ ‘गाव विरुद्ध शहर’ या द्वंद्वाच्या आधारे करणे अपुरे ठरते. स्थलांतरित माणूस एक टोक सोडून दुसऱ्या टोकाला पोहोचलेला नसतो. दोहोंच्या मधल्या जागेत तो वर्षानुवर्षे वावरत असतो.

1963 या एकाच वर्षी प्रसिद्ध झालेली दोन पुस्तके या दृष्टीने शेजारी ठेवून वाचण्यासारखी आहेत. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’तील पांडुरंग सांगवीकर खानदेशातून शिक्षणासाठी पुण्यात येतो. त्याच्या तुटलेपणाविषयी विपुल लिहिले गेले आहे. त्या तुटलेपणाखालची भौतिक व्यवस्था मात्र फारशी पाहिली गेलेली नाही. पांडुरंगला वसतिगृहात खोली आहे, वडिलांकडून येणारे पैसे आहेत, मेसच्या कारभारात हात पोळले तरी तो तोटा निस्तरला जाईल अशी कौटुंबिक पार्श्वभूमी आहे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शहर नाकारून परतण्यासाठी सांगवी आहे, आणि तो परततोही. गावी गेल्यावर त्याची अस्वस्थता शमत नाही, हे खरे. परंतु अस्वस्थ असण्यासाठी त्याला दोन ठिकाणी जागा उपलब्ध आहे.

बाबूराव बागूल यांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या कथासंग्रहातील शीर्षककथेत ही जागाच पणाला लागलेली आहे. कथेचा निवेदक रेल्वेतील नोकरीसाठी सुरतेजवळच्या उधन्याला येतो. नोकरी मिळाली, तरी राहण्याचा प्रश्न उभा राहतो. आणि खोलीची चौकशी करताच समोरून जातीची चौकशी होते. आधुनिक नगरात माणूस अनामिक होतो, हा नगरसमाजशास्त्राचा एक आवडता सिद्धांत. बागुलांची कथा त्या सिद्धांताची मर्यादा दाखवते. कारखान्यात, फलाटावर, रस्त्यावर अनामिकता मिळू शकते. उंबरठ्यावर मिळत नाही. निवेदक जात लपवतो, सुशिक्षित आणि कवी म्हणून आदरास पात्र ठरतो, त्या आदरानेच अधिक गुदमरतो आणि जात उघड होताच मारहाणीला सामोरा जातो. त्याला सोडवणारा काशिनाथ हा जात न लपवणारा सहकारी आहे. तो निवेदकाचा प्रतिपक्षही आहे आणि त्याची दुसरी शक्यताही.

या कथेच्या शीर्षकातील क्रियापद विशेष लक्षणीय आहे. मराठीत ‘चोरणे’ म्हणजे दुसऱ्याचे घेणे, तसेच स्वतःचे आखडून घेणे, दडवणे. ‘अंग चोरणे’ या वाक्प्रचारात हा दुसरा अर्थ येतो. आपल्या देहाने कमीत कमी जागा व्यापावी, कोणाला स्पर्श होऊ नये, म्हणून माणूस अंग चोरतो. अस्पृश्यतेने हे आखडणे शतकानुशतके लादले. भरलेल्या खोलीतील भाडेकरूही ते निराळ्या कारणाने शिकतो. निवेदकाच्या ठिकाणी ही दोन्ही आखडणी एकत्र येतात. जागा मिळावी म्हणून तो जे चोरतो ते त्याचे स्वतःचेच असते. तरी आरोपी तोच ठरतो. परात्मतेचा अनुभव येण्यासाठी आधी समाजाने आपल्याला ‘आत’ घेतलेले असावे लागते. ‘कोसला’ची परात्मता आत घेतल्या गेलेल्या माणसाची आहे. बागुलांचा निवेदक अजून दारात उभा आहे. दोघांसाठी एकच संज्ञा वापरल्यास हा फरक पुसला जातो.

दया पवार यांच्या ‘बलुतं’मध्ये (1978) प्रवास एकदाचा संपत नाही. दगडूचे बालपण मुंबईतील कावाखान्यात आणि धामणगावात विभागले गेले आहे. पुढे नोकरीच्या निमित्ताने तो पुन्हा कावाखान्याकडेच येतो. गावात महारवाडा आहे, शहरात कावाखाना. दोन्ही ठिकाणे आपापल्या वस्तीच्या मुख्य भागापासून वेगळी पडलेली आहेत. त्यामुळे येथील ये-जा एका परिघावरून दुसऱ्या परिघावर होते. शहराने जातीची रचना मोडली नाही, तिचा नकाशा बदलला, असा अन्वयार्थ या आत्मकथनातून निघतो. नामदेव ढसाळ यांच्या ‘गोलपिठा’ला (1972) विजय तेंडुलकरांनी लिहिलेली प्रस्तावनाही या संदर्भात आठवते. त्याच महानगरात राहणाऱ्या या श्रेष्ठ नाटककाराला गोलपिठा पाहण्यासाठी वाटाड्याची आणि कवितेतील शब्दांसाठी अर्थांची गरज पडली. तेंडुलकरांनी ती प्रांजळपणे नोंदवली, हा त्यांचा मोठेपणा. पण समीक्षा ज्याला ‘महानगरीय’ म्हणत होती ते महानगर किती लहान होते, याचाही तो पुरावा आहे.

स्त्रियांच्या बाबतीत या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. अण्णा भाऊ साठे यांच्या ‘माझी मैना’ या छक्कडीत स्त्री गावी मागे राहते; संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात तिचा विरह महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या मराठी मुलखाच्या विरहाशी जोडला गेला. स्थलांतराचे काव्य अशा प्रकारे जाणाऱ्या पुरुषाचे झाले. प्रत्यक्षात गिरणगावातील त्या सामायिक खोल्यांना अन्न पुरवणाऱ्या खाणावळी स्त्रियाच चालवत होत्या; 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून त्यांना संघटित केले. उर्मिला पवार यांच्या ‘आयदान’च्या (2003) आरंभी डोंगरवाटांनी रत्नागिरीच्या बाजाराला ओझी घेऊन चालत जाणाऱ्या बायका आहेत. शहर म्हणजे माल विकून संध्याकाळच्या आत परतण्याचे ठिकाण. त्या वाटेवरून आलेली लेखिका पुढे मुंबईत नोकरी, संसार, शिक्षण आणि लेखन एकाच वेळी सांभाळते. इथे प्रश्न खोली मिळण्यापाशी थांबत नाही. मिळालेल्या घरात स्वतःचा वेळ मिळतो का, असा तो होतो. हा वेळ तिला घरातल्या नाराजीतून काढावा लागतो. तरीही स्त्रीसंघटना, सभा, पुस्तके यांची दारे शहराने तिच्यासाठी उघडली, हे ती नाकारत नाही. शहराची केवळ निंदा अथवा केवळ स्तुती करणाऱ्या दोन्ही भूमिका या आत्मकथनापुढे अपुऱ्या पडतात.

18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतरचे वास्तव जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ (1997) या नाटकात येते. धुरी कुटुंबाची पुढची पिढी चाळीतच वाढलेली आहे. खोली आहे, परंतु ज्या कामासाठी ती घेतली गेली ते काम उरलेले नाही. बागुलांच्या निवेदकाकडे नोकरी होती आणि जागा नव्हती. येथे नेमके उलट घडले आहे. गावाकडे परतण्याची वाटही आता व्यवहारात उरलेली नाही. नाटकाचे शीर्षक त्यामुळे एखाद्या व्यक्तीच्या मनःस्थितीपेक्षा एका संपूर्ण वर्गाच्या पत्त्याचे वर्णन ठरते.

यावर असा आक्षेप संभवतो की, खोली हा वास्तववादी लेखनातील केवळ तपशील आहे. त्याला आशयसूत्राचा दर्जा देणे म्हणजे साहित्याचे समाजशास्त्रात रूपांतर करणे होय. या आक्षेपाचे उत्तर साहित्यकृतींच्या रचनेतच आहे. बाख्तिनने कादंबरीच्या कालावकाशाचा विचार करताना रस्ता आणि उंबरठा यांना दिलेले महत्त्व परिचित आहे. वरील कृतींत खोली हे रस्ता आणि उंबरठा यांच्यामधील असेच रचनातत्त्व आहे. बागुलांच्या कथेतील ताण ती मिळण्या-गमावण्यातून निर्माण होतो; ‘बलुतं’ची खंडित कालरचना दोन वस्त्यांमधील ये-जा अनुसरते; ‘अधांतर’चा नाट्यावकाश तिच्या चार भिंतींनी आखला जातो. रूप आणि आशय येथे वेगळे काढता येत नाहीत.

तरीही हे साम्य नजरेआड राहिले, याचे कारण समीक्षेच्या वर्गीकरणात आहे. ‘कोसला’ अस्तित्ववादी कादंबरीच्या खात्यात, बागूल आणि पवार दलित साहित्याच्या, ‘आयदान’ स्त्रीवादी आत्मकथनाच्या, तर ‘अधांतर’ कामगार रंगभूमीच्या खात्यात जमा झाले. ही वर्गीकरणे ऐतिहासिकदृष्ट्या आवश्यक होती. दलित साहित्याने तर आपले नाव संघर्ष करून मिळवले आहे. परंतु त्यांच्या भिंती इतक्या पक्क्या झाल्या की, ‘महानगरीय’ हे विशेषण ज्यांच्या वाट्याला जागा सहज आली होती त्यांच्यासाठीच राखून ठेवले गेले. शहरात येऊन राहण्याचा अनुभव ज्यांनी सर्वाधिक किंमत देऊन घेतला, त्यांचे लेखन महानगराच्या चर्चेत भाडेकरूसारखे वावरले. महानगरीय साहित्याची पुनर्मांडणी करताना ‘या पात्राला शहरात काय वाटते’ या प्रश्नाआधी ‘हे पात्र शहरात कुठे राहते, आणि तेथे राहू देण्यापूर्वी त्याला काय विचारले गेले’ हा प्रश्न घ्यावा लागेल. भाड्याने जागा शोधताना आडनाव विचारण्याची रीत अजून संपलेली नाही. तोवर 1963 ची ती कथा साहित्येतिहासाच्या एखाद्या प्रकरणात मिटवून ठेवता येणार नाही.