बटण इथे, काम तिथे : बारावीच्या पाठ्यपुस्तकातला एक निसटलेला दुवा

बारावी विज्ञान शाखेसाठी बालभारतीने २०२० साली काढलेल्या माहिती तंत्रज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात वेबपानांच्या रचनेला चांगली जागा मिळाली आहे, ही समाधानाची गोष्ट आहे. तिसरे प्रकरण जावास्क्रिप्टचे, म्हणजे वापरणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये चालणाऱ्या भाषेचे आहे. पाचवे पीएचपीचे, म्हणजे दूरच्या सर्व्हरवर चालणाऱ्या भाषेचे आहे. मधले चौथे प्रकरण मात्र उदयोन्मुख तंत्रज्ञानाची ओळख करून देते. या दोन भाषांची गाठ कुठे आणि कशी पडते, हे सांगणारे स्वतंत्र प्रकरण नाही. माझा आक्षेप एवढ्यापुरताच आहे, पण तो किरकोळ नाही.

सातबारा पाहण्यासाठी महाभूलेख संकेतस्थळावर जिल्हा, मग तालुका, मग गाव निवडावे लागते. असे फॉर्म आता सगळीकडे दिसतात. जिल्हा निवडताच त्यातल्या तालुक्यांची यादी हजर होते. ती येते कुठून? एक मार्ग असा, की सगळी यादी पानाबरोबर आधीच पाठवून ठेवायची. राज्यातल्या हजारो गावांसाठी तो परवडत नाही. दुसरा मार्ग असा, की निवड बदलली की जावास्क्रिप्टने ती घटना ओळखायची आणि फॉर्म आपणहून सर्व्हरकडे धाडायचा. यात सारे पान नव्याने येते. तिसरा मार्ग म्हणजे पान जागेवर ठेवून पडद्याआडून फक्त जिल्ह्याचे नाव पाठवायचे, उत्तरादाखल तेवढी यादी घ्यायची आणि रकान्यात भरायची. मायक्रोसॉफ्टने १९९९ च्या सुमारास आपल्या ब्राउझरमध्ये ही सोय आणली. २००५ साली जेसी जेम्स गॅरेट यांनी या पद्धतीला 'एजॅक्स' हे नाव दिले आणि ती सर्वत्र रुजली.

तिन्ही मार्गांत एक गोष्ट समान आहे. ब्राउझरमधले बटण सर्व्हरवरचे काम स्वतः करत नाही. ते फक्त विनंती करते. काम करायचे की नाही हे सर्व्हर ठरवतो. २००२ मध्ये आलेल्या एएसपी डॉट नेट या प्रणालीने हे अंतर फार खुबीने झाकले. बटणावर दोनदा टिचकी मारायची आणि उघडलेल्या चौकटीत सर्व्हरवरचे काम लिहायचे, की झाले. प्रत्यक्षात ती प्रणाली पानात एक छोटे जावास्क्रिप्ट कार्य आणि काही लपलेली खाती घालत असे आणि कोणते नियंत्रण दाबले गेले ते त्यांतून सर्व्हरला कळवत असे. व्यवसायात ही सोय मोलाची होती, पण शिकणाऱ्याला ती चकवणारी होती.

आपल्या प्रयोगशाळांतही वेगळे काय होते? सर्व्हर आणि ब्राउझर एकाच यंत्रावर बसवून 'लोकलहोस्ट' म्हणून काम उरकले जाते. दोन्ही टोके एकाच पेटीत असल्यावर मध्ये अंतर आहे हे विद्यार्थ्याला दिसावे कसे?

या संदर्भात देवनारच्या एका प्रकल्पाची आठवण होते. तेथील टाटा समाजविज्ञान संस्थेने टाटा ट्रस्ट आणि अमेरिकेतील एमआयटी यांच्याबरोबर २०१५ च्या सुमारास 'क्लिक्स' हा शालेय उपक्रम सुरू केला. राजस्थान, छत्तीसगड, मिझोराम आणि तेलंगण येथील सरकारी शाळांत तो चालला. २०१७ चा युनेस्कोचा एक पुरस्कारही त्याला मिळाला. त्याच वि. ना. पुरव मार्गावर, मानखुर्दला असलेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचे तांत्रिक साहाय्य त्याला होते. इंटरनेटचा भरवसा नसल्यामुळे सर्व्हर शाळेतच ठेवलेला असे आणि मुले शाळेतल्या जाळ्यातून त्याच्याशी जोडली जात. वेबरचना शिकवणे हा काही या उपक्रमाचा हेतू नव्हता. पण ही मांडणी आपल्या विषयाला आयतीच उपयोगी पडते, कारण इथे सर्व्हर म्हणजे बोट दाखवता येईल अशी वस्तू असते.

शिक्षकांनी दोन संगणक एका तारेने जोडून एवढे करून पाहावे. एकावर सर्व्हर चालवावा आणि दुसऱ्यावर गुण भरण्याचा फॉर्म उघडावा. गुण ० ते १०० यांच्या बाहेर गेले की जावास्क्रिप्टने सूचना द्यावी, एवढी आज्ञा पानात लिहावी. आता तार काढावी. १५० गुण भरले तर सूचना तरीही येते, कारण ती तपासणी समोरच्याच यंत्रावर होते. ८० गुण भरून 'जतन करा' म्हटले, तर मात्र काहीच होत नाही. दोन भाषांच्या सीमारेषेचा याहून सोपा पुरावा मला माहीत नाही.

पुढचा प्रयोग अधिक महत्त्वाचा आहे. तार परत जोडावी आणि फॉर्म 'गेट' पद्धतीने पाठवावा, म्हणजे भरलेले गुण पत्त्याच्या पट्टीत दिसतील. तिथेच ८० चे ५०० करून तो पत्ता पुन्हा पाठवावा. जावास्क्रिप्टला कोणी विचारलेच नाही! पीएचपीमध्ये तपासणी लिहिलेली नसेल, तर नोंदवहीत ५०० गुण जमा होतात. 'पोस्ट' पद्धतीत आकडे पत्त्यात दिसत नाहीत, पण ज्याला हवे तो तेही बदलून पाठवू शकतो. (ज्या विनंतीने नोंद बदलते ती 'गेट'ने मुळात पाठवूच नये, इथे केवळ दाखवण्यासाठी ती सवलत घेतली.)

फॉर्मची तपासणी हा जावास्क्रिप्टच्या प्रकरणातला विद्यार्थिप्रिय भाग. ती तपासणी वापरणाऱ्याच्या सोयीसाठी असते, संरक्षणासाठी नव्हे, हे वाक्य तिथेच ठळक अक्षरांत हवे. अनेक शिक्षक आता स्वतःच ऑनलाइन चाचण्या बनवतात. त्यांची बरोबर उत्तरे जावास्क्रिप्टमध्ये लिहिली, तर पानाचा स्रोत उघडणाऱ्या कोणत्याही विद्यार्थ्याला ती वाचता येतात. उत्तरे सर्व्हरवर ठेवावीत आणि ब्राउझरने फक्त निवडलेला पर्याय पाठवावा. शुल्काचे बटण उतावळेपणाने दोनदा दाबले गेले तरी तोच न्याय लागतो. पहिल्या दाबानंतर बटण निष्क्रिय करणे ठीकच, पण प्रत्येक व्यवहाराला क्रमांक देऊन दुसरी विनंती सर्व्हरनेच नाकारली पाहिजे.

पुढच्या आवृत्तीत चौथे प्रकरण शेवटी हलवून तिसऱ्या आणि पाचव्याच्या मध्ये आठ-दहा पानांचा दुवा घालता येईल. तोवर दोन संगणक आणि एक तार एवढे सामान बहुतेक कनिष्ठ महाविद्यालयांत असतेच.