अमोनियाच्या धड्यातून गळलेली चार वर्षे

यवतमाळच्या कपाशीला युरियाचा हप्ता देतात. त्या युरियासाठी लागणारा अमोनिया अलिबागजवळच्या थळसारख्या कारखान्यांत हवेतील नायट्रोजनपासून तयार होतो. शालेय पुस्तके मात्र हे सारे एका बाणावर उरकतात : ४५० अंश सेल्सिअस, २०० वातावरण दाब, लोखंडाचा उत्प्रेरक, शोधक हेबर. आमची तक्रार या बाणाबद्दल आहे. त्यातली माहिती चुकीची नाही. पण प्रयोगशाळेतले भांडे मोठे केले की झाला कारखाना, असा समज त्यातून होतो.

फ्रिट्झ हेबर यांनी जुलै १९०९ मध्ये कार्ल्सरूहे येथे अमोनिया थेंबथेंब काढून दाखवला. उत्प्रेरक होता ऑस्मियम, अतिशय दुर्मिळ धातू. ओपाऊचा कारखाना सुरू झाला सप्टेंबर १९१३ मध्ये. मधल्या काळात काय घडले?

कार्ल बॉश यांच्या पोलादी नळ्या सुमारे ८० तासांत फुटल्या. तप्त हायड्रोजन दाबाखाली पोलादात शिरून त्यातील कार्बनशी संयोग पावत होता व पोलाद ठिसूळ होत होते. बॉश यांनी आतून जवळजवळ कार्बनरहित मऊ लोखंडाचे अस्तर दिले आणि बाहेरच्या पोलादाला बारीक छिद्रे पाडली. झिरपलेला हायड्रोजन त्यांतून निघून जाई. दाब पेलायच्या भांड्याला मुद्दाम भोके! विद्यार्थी हे विसरणार नाहीत. उत्प्रेरकासाठी मिटाश यांनी हजारो चाचण्या घेतल्या. पुस्तकातले ‘लोखंड’ म्हणजे नुसते लोखंड नव्हे. त्यात ॲल्युमिनियम, पोटॅशियम यांची ऑक्साइडे थोड्या प्रमाणात असतात.

हे अभियांत्रिकीचे, रसायनशास्त्राचे नव्हे, असे कोणी म्हणेल. बॉश यांना १९३१ मध्ये बर्गियस यांच्यासमवेत नोबेल मिळाले, ते रसायनशास्त्राचेच.

वर्गात एक गोष्ट सहज दाखवता येईल. १ सेंमी बाजूचा घन १० सेंमी केला, तर घनफळ हजारपट होते, पृष्ठफळ शंभरपटच. अभिक्रियेची उष्णता निर्माण होते घनफळाच्या प्रमाणात, बाहेर पडते पृष्ठभागातून. म्हणून छोट्या नळीला बाहेरून तापवावे लागते, तर मोठ्या पात्रातली उष्णता काढायची कशी, ही पंचाईत असते. गणिताच्या तासाला हे घन मुले मोजतातच. रसायनाच्या तासाला त्यांची आठवणही निघत नाही.

विज्ञान प्रदर्शनात सरकीच्या तेलाचा साबण चंचुपात्रात करणाऱ्या मुलीला परीक्षक ‘छान’ म्हणून पुढे जातात. आम्ही तिला विचारू : शंभर लिटर केलास, तर ढवळशील कशाने? आणि निवायला किती वेळ लागेल?